बिनदाताचा, बिनविषारी, तरीही बदनाम

आफ्रिकेतल्या सुगरणींची घरटीही आपल्याकडच्या सुगरणीसारखीच फांद्यांच्या टोकांना लोंबत असतात. पाऊस पडला, गवत वाढले की ती विणली जातात आणि थोड्याच दिवसांत त्यांत अंडी पडतात. रात्री वसाहत शांत झाल्यावर एखादा साप त्या झाडावर चढतो. लांबी साधारण दोन ते अडीच फूट, जाडी बोटाएवढी आणि डोके इतके चिमुकले की मानेपासून ते वेगळे ओळखूही येऊ नये. घरट्यात तोंड घालून तो एकेका अंड्याला जिभेने चाचपतो आणि मग आपल्या डोक्याच्या कितीतरी पट जाड असलेले अंडे गिळायला सुरुवात करतो.

हा आफ्रिकेचा अंडीखाऊ साप. शास्त्रीय नाव डॅसिपेल्टिस. या गणात डझनाहून अधिक प्रजाती आहेत. त्यांपैकी सर्वांत जास्त पसरलेली ‘डॅसिपेल्टिस स्काब्रा’ ही प्रजाती दक्षिण आफ्रिकेच्या टोकापासून सहाराच्या दक्षिणेकडच्या बऱ्याच भागात सापडते. ‘स्काब्रा’ म्हणजे खरखरीत. तिच्या अंगावरचे खवले हाताला खरोखरच खरखरीत लागतात आणि त्या खरखरीतपणाचा तिला मोठा उपयोग आहे, तो पुढे येईलच.

अंडी अनेक साप खातात. आपल्याकडचा नाग खुराड्यात शिरून कोंबडीची अंडी फस्त करतो, हे खेड्यात राहिलेल्यांना सांगायला नको. पण नागाचे पोट उंदीर, बेडूक, पक्षी, इतर साप यांवर भरते, अंडे हा त्याचा वरचा घास. अंडीखाऊ सापाचे तसे नाही. तो पक्ष्यांच्या अंड्यांवाचून काही म्हणजे काहीच खात नाही. उंदीर नाही, पाल नाही, पक्ष्याचे पिल्लूही नाही. एकाच अन्नावर संपूर्ण आयुष्य बेतल्यामुळे त्याच्या शरीराची रचनाच बदलून गेली आहे.

गळ्यात बसवलेली करवत

शिकार करणाऱ्या सापाला दात हवेत. धडपडणारे भक्ष्य निसटू नये म्हणून त्याचे दात आतल्या बाजूला वळलेले असतात. अंडे धडपडत नाही, पळत नाही, चावतही नाही. अंडीखाऊ सापाचे दात म्हणूनच जवळजवळ नाहीसे झाले आहेत. उरलेत ते इवलेसे आणि निरुपयोगी. त्यांच्या जागी तोंडात मऊ घड्या आहेत. गुळगुळीत कवचावर त्यांची पकड चांगली बसते.

गिळताना तो अंडे शरीराच्या वेटोळ्याला किंवा घरट्याच्या काठाला टेकवून धरतो, म्हणजे ते घरंगळत नाही. मग जबड्याची एक बाजू पुढे, नंतर दुसरी, असे करत तोंड अंड्यावर चढवत नेतो. खालच्या जबड्याची दोन हाडे हनुवटीपाशी एकमेकांना पक्की जोडलेली नसतात. त्यांच्यामधली त्वचा इतकी ताणते की खवले एकमेकांपासून लांब जातात आणि मधली पातळ कातडी फुग्यासारखी दिसू लागते. तोंड असे गच्च भरलेले असताना श्वास कसा घेणार? त्यासाठी इतर सापांप्रमाणे त्यालाही श्वासनलिकेचे तोंड खालच्या जबड्यावरून पुढे सरकवता येते.

२०२३ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ ब्रूस जेन यांनी पश्चिम आफ्रिकेतल्या एका अंडीखाऊ सापाच्या ‘आ’ची मापे प्रसिद्ध केली. शरीराच्या आकाराच्या मानाने इतका मोठा आ करणारा साप तोवर मोजला गेला नव्हता. विशेष म्हणजे यात हाडांच्या लांबीइतकाच वाटा जबड्यांमधल्या त्या ताणणाऱ्या त्वचेचा होता. अजगर मोठे भक्ष्य गिळतो कारण तो मुळात मोठा असतो. हा लहानखुरा साप आपल्या मापाच्या मानाने त्याच्यावरही मात करतो.

पण खरी करामत तोंडाच्या पुढे आहे. सापाच्या मानेतल्या मणक्यांना खालच्या बाजूने हाडांचे टोकदार उंचवटे असतात. अंडीखाऊ सापात ते लांब झाले आहेत आणि अन्ननलिकेच्या भिंतीतून आत डोकावतात. अंडे या जागी पोचले की साप मान वाकवतो, स्नायू आवळतो आणि अंडे त्या हाडांवर दाबतो. काही उंचवटे बोथट, ते अंडे जागेवर धरतात. काही पुढे झुकलेले आणि धारदार, ते कवच भेदतात. मानेवरचा फुगवटा एकाएकी बसतो. बलक आणि पांढरे पोटाकडे पिळले जाते. फुटलेले कवच आतल्या पापुद्र्याला चिकटून राहते, त्याची चपटी घडी होते आणि काही वेळाने साप ती तोंडावाटे बाहेर टाकतो. आत सहसा काहीच उरलेले नसते.

कवच बाहेर टाकण्यात फायदा आहे. अंडे अख्खे गिळणाऱ्या सापाला कवच पोटातल्या आम्लाने विरघळवावे लागते आणि तोवर ते ओझे वागवत हिंडावे लागते. अंडीखाऊ सापाच्या पोटात फक्त पचण्याजोगे अन्न जाते आणि पुढच्या अंड्याला जागाही राहते.

या यंत्रणेचा बारकाईने अभ्यास करणारे कार्ल गान्स शिक्षणाने यांत्रिकी अभियंते होते. जर्मनीत जन्मलेले आणि तरुणपणी अमेरिकेत आलेले गान्स नोकरी अभियंत्याची करत आणि अभ्यास सापांचा. तरफा, दाब आणि ताण यांचा विचार करणारा माणूस सापाच्या मानेकडे पाहू लागला, तेव्हा तिथे त्याला अंडे फोडण्याचे एक यंत्रच दिसले. १९५२ साली त्यांनी ते सविस्तर मांडले. पुढे ते प्राणिशास्त्राचे नामवंत प्राध्यापक झाले. जेन यांनी मोजलेल्या त्या पश्चिम आफ्रिकी सापाला ‘डॅसिपेल्टिस गान्सी’ हे नाव मिळाले, ते त्यांच्याच सन्मानार्थ.

मोसमाची मेजवानी, वर्षभराचा उपास

फक्त अंड्यांवर जगायचे तर पक्ष्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे राहावे लागते. आफ्रिकेच्या गवताळ प्रदेशात बहुतेक पक्षी ठरावीक मोसमात घरटी करतात. तो मोसम संपला की या सापाचे अन्न संपते. मग कित्येक महिने तो दगडाखाली, सालीच्या फटीत किंवा सोडून दिलेल्या वारुळात पडून राहतो. शरीर उबदार ठेवण्यासाठी सापाला आपल्यासारखी सतत ऊर्जा जाळावी लागत नाही. त्यामुळे मोसमात साठवलेल्या चरबीवर त्याचे भागते.

मिळेल ते अंडेही त्याला चालत नाही. नासलेले अंडे तो जिभेने ओळखतो आणि सोडून देतो. आत पिल्लू बरेच वाढलेले असेल तर त्या अंड्याचाही उपयोग नाही, कारण त्याची यंत्रणा पातळ द्रव पिळून घेण्यासाठी आहे. म्हणजे मोसमातही त्याच्या कामाचे दिवस मोजकेच. अंडी शोधण्यासाठी तो जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा माग काढतो, झाडांवर चढतो आणि हे सगळे काम रात्री करतो. एवढे करून मादी स्वतःही अंडीच घालते. आपल्याकडचे फुरसे थेट पिल्लांना जन्म देते, हा तसा नाही.

दात गेले, तसेच विषही गेले. अंडीखाऊ सापाचे जवळचे नातेवाईक म्हणजे मांजऱ्या सापांचा गोतावळा. त्यांच्यातल्या अनेकांच्या जबड्यात मागच्या बाजूला विषाचे दात असतात. अंडीखाऊ सापाच्या विषग्रंथी मात्र खुरटल्या आहेत. समुद्रातही असेच एक उदाहरण आहे. समुद्री साप जहाल विषासाठी प्रसिद्ध, पण त्यांच्यातली एक प्रजाती माशांच्या अंड्यांवर जगते. तिच्या विषाची तीव्रता खूप घटल्याचे २००५ साली संशोधकांनी दाखवले आणि तिच्या विषाच्या एका जनुकातला छोटासा तुकडा गळालेला आढळला. शिकार मारायचीच नसेल तर विष बनवण्याचा खर्च कशाला, असा हा निसर्गाचा हिशेब.

दुसऱ्याच्या नावावर जगणे

मग दात नसलेल्या, विष नसलेल्या, फारसे वेगाने न पळणाऱ्या या सापाला मुंगूस, घुबड, गरुड सोडतात कसे? उत्तर त्याच्या अंगावर लिहिलेले आहे. राखी-तपकिरी अंग, पाठीवर गडद चौकोनी ठिपक्यांची ओळ आणि मानेवर उलट्या ‘व्ही’सारखी खूण. दक्षिण आणि पूर्व आफ्रिकेत ‘नाइट ॲडर’ नावाचा विषारी साप आहे. तो घोणस-फुरशांच्या कुळातला. दोघांना शेजारी ठेवले तर नवखा माणूस गोंधळलाच पाहिजे.

गान्स यांनी १९६१ साली या साम्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अंडीखाऊ सापाचे रंग आणि ठिपके प्रदेशाप्रमाणे बदलतात आणि अनेक ठिकाणी ते तिथल्याच एखाद्या विषारी सापाशी जुळतात, असे त्यांना दिसले. कुठे नाइट ॲडरशी, तर कुठे फुरशाच्या आफ्रिकी भाऊबंदांशी. याला बेट्सचे अनुकरण म्हणतात. हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गतज्ज्ञाने ॲमेझॉनच्या जंगलातल्या फुलपाखरांवरून १८६२ साली ही कल्पना मांडली होती. एखाद्या प्राण्याशी गाठ पडून शत्रूला एकदा चांगली अद्दल घडली असेल, तर त्या प्राण्यासारखे दिसणाऱ्या निरुपद्रवी प्राण्यालाही तो शत्रू टाळतो. मात्र ही युक्ती जिथे खरा विषारी प्राणी आसपास असतो तिथेच चालते. ज्याचा धाक घालायचा तो शत्रूला आधी ठाऊक हवा.

नुसत्या रंगावर हा साप थांबत नाही. कोकणात किंवा देशावर ज्यांनी फुरसे पाहिले आहे, त्यांना त्याचा आवाज विसरता येत नाही. इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वेटोळी करून ते अंगावर अंग घासते. खवल्यांच्या करवती कडा एकमेकांवर घासून गरम तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा चर्र आवाज येतो. अंडीखाऊ सापाच्या कुशीवरचे खवलेही तसेच तिरपे आणि करवतीसारखे आहेत. शत्रू समोर आला की तोही वेटोळी घालतो, अंग घासतो आणि तसाच आवाज काढतो. त्यानेही भागले नाही तर तोंड पूर्ण उघडून आतला काळाकुट्ट रंग दाखवतो आणि अंगावर झेप घेतो. त्या तोंडात दात नाहीत, हे समोरच्याला कुठून कळणार?

माणसासमोर डाव उलटतो

गरुड किंवा मुंगूस घाबरले की बाजूला होतात. माणूस घाबरला की काठी आणतो. ज्या रूपामुळे हा साप इतर शत्रूंपासून वाचतो, त्याच रूपामुळे माणसाच्या हातून मारला जातो.

त्यासाठी आफ्रिकेतल्या गावकऱ्यांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. पश्चिम आफ्रिकेच्या गवताळ पट्ट्यात फुरशाच्या जातीचा साप हा सर्पदंशाच्या मृत्यूंचे एक मोठे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी ८१ हजार ते १ लाख ३८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात आणि त्याच्या सुमारे तिप्पट लोकांना अवयव गमावणे किंवा कायमचे अपंगत्व येते. २०१७ साली संघटनेने सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत केला. भारतात तर २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. जिथे दवाखाना कोसभर लांब आणि प्रतिविष मिळेलच याची खात्री नाही, तिथे अंधारात चर्र आवाज ऐकून कोणी खवले तपासत बसत नाही.

साप वाचवा, असे सांगताना आपण नेहमी एक कारण देतो: तो उंदीर खातो, तो शेतकऱ्याचा मित्र आहे. अंडीखाऊ सापाला हे कारण लागू पडत नाही. तो उंदीर खात नाही, संधी मिळाली तर खुराड्यातले लहानसे अंडेही पळवेल. तो माणसाच्या उपयोगाचा नाही आणि अपायाचाही नाही. उपयोग नसलेल्या जिवाला जगू द्यायचे की नाही, हा प्रश्न त्याच्यापुरता तरी आडपडदा न ठेवता समोर येतो.

ओळखण्याचे सोपे नियम का फसतात?

हा छोटा साप आरोग्याच्या दृष्टीनेही एक गोष्ट शिकवतो. सापाच्या डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी असेल तर तो विषारी, गोल असेल तर बिनविषारी, असा नियम अनेकांनी ऐकलेला असतो. निरुपद्रवी अंडीखाऊ सापाची बाहुली उभी असते आणि तो ज्याच्यासारखा दिसतो त्या विषारी नाइट ॲडरची गोल. म्हणजे नियम नेमका उलटा पडतो. आपल्याकडेही तेच. नाग आणि मण्यार यांच्या बाहुल्या गोलच असतात. तिकोनी डोके, खरखरीत खवले, पाठीवरची नक्षी या बाकीच्या खुणांचीही हीच गत.

महाराष्ट्रात अशा जोड्या कमी नाहीत. कवड्या साप मण्यारीसारखा दिसतो म्हणून मारला जातो. मांजऱ्या सापाला फुरसे समजले जाते. उलट चूक त्याहून महागात पडते. मण्यारीला कवड्या समजून कोणी हातात धरले, तर ती चूक दुरुस्त करायला वेळ मिळेलच असे नाही. मण्यारीचा दंश फारसा दुखत नाही, सूजही येत नाही आणि झोपेत चावली तर कळतही नाही. म्हणून अनोळखी साप विषारी मानून त्याच्यापासून लांब राहणे आणि त्याला न मारणे, या दोन्ही गोष्टी एकत्र पाळता येतात. साप मारायला किंवा पकडायला जाताना आपण त्याच्या टप्प्यात जातो, हे लक्षात ठेवले तरी पुरे.

साप चावलाच तर तो कोणता होता याचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. रुग्णाला धीर द्यावा आणि चालू देऊ नये. चावलेला हात किंवा पाय फळी लावून स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण सूज येण्याआधी काढावेत. जखम कापणे, विष चोखणे, घट्ट दोरी बांधणे, पाला लावणे यांनी नुकसानच होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे. लक्षणे पाहून डॉक्टर उपचार ठरवतात, त्यासाठी मेलेला साप सोबत नेण्याची गरज नसते.

विदर्भातला अंडीखाऊ

अंडी खाऊन जगणारा साप आपल्याकडेही आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. भारतीय अंडीखाऊ साप १८६३ साली शास्त्राला माहीत झाला, तो आजच्या बांगलादेशातल्या रंगपूरच्या नमुन्यावरून. त्यानंतर दीर्घकाळ तो इतक्या क्वचित दिसला की तो टिकून आहे की नाही याचीच शंका होती. मग वर्धा जिल्ह्यात तो सापडला आणि महाराष्ट्रातली त्याची पहिली नोंद २००५ साली शोधनिबंधातून प्रसिद्ध झाली. त्यानंतर इतर राज्यांतूनही त्याच्या नोंदी येत गेल्या. काळसर तपकिरी अंग आणि पाठीच्या मधोमध फिकट पट्टा, असे त्याचे रूप. त्याच्याही मानेतल्या मणक्यांना अंडे फोडणारे उंचवटे असतात.

आफ्रिकेतल्या सापाशी असलेले हे साम्य पाहून तो त्याचा सख्खा भाऊ वाटेल. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात तो आपल्याकडच्या मांजऱ्या सापांच्याच गणात बसतो असे दिसले. म्हणजे गळ्यातली ही करवत दोन खंडांत वेगवेगळी तयार झाली. अन्न एकच असले की शरीरही एकाच वाटेने बदलत जाते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो.

वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतीय अंडीखाऊ सापाला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, स्थान दिले आहे. पण शेताच्या बांधावर किंवा रस्ता ओलांडताना तो ज्याला दिसतो, त्याला ना अनुसूची माहीत असते ना सापाचे नाव. तिथे त्याला वाचवण्यासाठी साप ओळखता येण्याची गरज नाही. चार पावले मागे सरून त्याला जाऊ द्यावे, किंवा घरात शिरला असेल तर जवळच्या सर्पमित्राला नाहीतर वन विभागाला फोन करावा. साप बिनविषारी असेल तर त्याचा जीव वाचतो, विषारी असेल तर आपलाही.